जुनी सायकल यवतेश्वर चढेल का? मागच्या चाकाचं आणि गिअरचं गणित

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिचे सुटे भाग यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. नवी सायकल घ्यायचा विचार सुरू झाला, की घरातल्या जुनीकडेही एकदा नजर जातेच. जिन्याखाली टेकवलेली बावीस इंची फ्रेमची काळी सायकल असते, नाही तर मुलगा दहावीत असताना घेतलेली आणि तो पुण्याला गेल्यापासून गंजत पडलेली गिअरची रेंजर. टायर-ट्यूब घातली, तेलपाणी केलं, की दोन्ही चालू होतात. मग पुढचा प्रश्न येतो. मागचं चाक बदलून हिला चांगले गिअर बसतील का?

दुकानात याची दोन उत्तरं मिळतात. "कशाला नादी लागताय, नवी घ्या" हे एक, आणि "बसवू की, त्यात काय" हे दुसरं. पहिल्यात आळस आहे, दुसऱ्यात धोका. मागचं चाक एकटं नसतं. फ्रेमची रुंदी, चेन, ब्रेक आणि गिअर या चौघांशी त्याचा संबंध येतो, आणि एक हलवलं की बाकीचे जागेवर राहत नाहीत.

सांगलीकरांनी हा लेख मजेखातर वाचावा. सांगली-मिरजेच्या सपाट रस्त्यांवर एका गिअरवर माणूस म्हातारा होऊ शकतो. साताऱ्यात तसं नाही. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे निघालं की चढ लागतो, तिथून समर्थ मंदिर, मग बोगदा. आणि हौस असेल तर यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठारापर्यंत. म्हणून साताऱ्याच्या माणसाने "किती गिअर आहेत" हे विचारण्यात अर्थ नाही. सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे, हे विचारायचं.

गिअर नेमकं करतो काय

पायंडलाजवळ एक दातेरी चकती असते, मागच्या चाकावर दुसरी. समजा काळ्या सायकलीत पुढचीला ४४ दाते आणि मागचीला १८ असतील, तर पायंडलाच्या एका फेरीत मागचं चाक ४४ भागिले १८, म्हणजे जवळपास २.४४ वेळा फिरतं. अठ्ठावीस इंची चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर. म्हणजे पायाच्या एका फेरीत सायकल साधारण ५.४ मीटर पुढे जाते. सपाटीला हे उत्तम.

आता चढ घेऊ. उदाहरणाला ६ टक्के चढ धरू, म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की ६ मीटर वर. माणूस ७० किलोचा, सायकल १८ किलोची. या ८८ किलोंना वर ओढायला आणि टायरचं घर्षण मारायला मिळून साधारण ६ किलोचा जोर सतत लागतो. हा जोर चाकाशी लागतो, पायाशी नाही. पाय एका फेरीत १.०७ मीटरचं वर्तुळ काढतो आणि सायकल ५.४ मीटर जाते. पाच पट अंतर हवं तर पाच पट जोर द्यावा लागतो. म्हणजे पायंडलावर सरासरी ३० किलो. पायंडल आडवं असताना तो याच्या दीडपट होतो, पंचेचाळीस किलोच्या घरात. एक-दोन फेऱ्या कुणीही मारेल. घाटभर मारायच्या म्हटल्यावर गुडघे कुरकुरतात.

मागची चकती १८ ऐवजी ३४ दात्यांची केली, तर एका फेरीत सायकल जेमतेम २.८५ मीटर जाते आणि पायावरचा जोर सरासरी १६ किलोंवर येतो. कष्ट वाचले का? नाही. विहिरीतून पाणी शेंदताना मोठ्या बादलीने खेपा कमी होतात पण दर खेपेला खांदा भरून येतो. कळशीने खेपा दुप्पट होतात आणि हात टिकतो. हौद भरायला पाणी तेवढंच लागतं.

या हिशेबाची दुसरी बाजूही बघून घ्या. माणसाचा पाय मिनिटाला साठ-सत्तर फेऱ्यांना सुखात असतो. ५.४ मीटरच्या गिअरमध्ये मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी १९ किलोमीटरच्या वर जातो. ६ टक्के चढावर त्या वेगाला ३०० वॅटहून जास्त ताकद लागते. सवय नसलेला निरोगी माणूस अर्धा-पाऊण तास सलग १०० ते १५० वॅट काढू शकतो. म्हणजे काळ्या सायकलवर घाटात दोनच मार्ग उरतात. एक तर उभं राहून मिनिटाला पंचवीस फेऱ्या रेटत राहायचं, नाही तर उतरून हातात धरून चालायचं. बहुतेक जण दुसरा पत्करतात, आणि त्यात दोष त्यांच्या दमाचा नसतो.

एकवीस गिअर म्हणजे एकवीस वेग नव्हेत

जाहिरातीत "२१ स्पीड" लिहिलेलं असतं. पुढे तीन चकत्या आणि मागे सात, तीन साते एकवीस. अशा सायकलींवर नेहमी दिसणारी जोडी बघा. पुढे २८, ३८, ४८ आणि मागे १४, १६, १८, २०, २२, २४, २८. पुढची ४८ आणि मागची २४ लावली तर गुणोत्तर २ येतं. पुढची २८ आणि मागची १४ लावली तरी २ च येतं. असे कितीतरी गिअर एकमेकांवर बसतात. शिवाय पुढे सगळ्यात मोठी आणि मागेही सगळ्यात मोठी अशी जोडी लावली, की चेन तिरकी ताणली जाते, आवाज करते आणि लवकर झिजते. खऱ्या अर्थाने वापरायला मिळतात ते दहा-बाराच.

पण याच सायकलीत एक गोष्ट लपलेली असते. पुढे २८, मागे २८. पायाची एक फेरी, चाकाची एक फेरी. सव्वीस इंची चाकाला एका फेरीत दोन मीटरहून किंचित जास्त अंतर जातं आणि मघाच्या चढावर पायाला १२ किलोंच्या आतच जोर लागतो. म्हणजे रेंजरच्या मालकाकडे घाटाचा गिअर आधीपासून आहे! केबल गंजल्यामुळे चेन पुढच्या लहान चकतीवर उतरतच नाही, आणि तो बिचारा गेली पाच वर्षं मधल्या चकतीवर घाम गाळतोय. नवं चाक घेण्याआधी नवी गिअर केबल आणि तिचं बाहेरचं आवरण घालून बघा. सगळ्यात स्वस्त अपग्रेड हेच, आणि बऱ्याच जणांचं काम इथेच संपतं.

आधी आपली सायकल ओळखा

ज्यांचं संपलं नाही त्यांच्यासाठी पुढे. काही विकत घेण्याआधी दोन गोष्टी हाताशी घ्या, लोहचुंबक आणि मोजपट्टी.

चुंबक फ्रेमला लावा. चिकटला तर फ्रेम पोलादी, नाही चिकटला तर बहुधा अ‍ॅल्युमिनियमची. पुढे मागचं चाक धरणारा फ्रेमचा चिमटा ताणायचा प्रश्न येईल तेव्हा हा फरक महत्त्वाचा ठरतो.

मग टायरची बाजू पुसून तिच्यावरचे आकडे वाचा. इंचांवर विश्वास ठेवू नका. "२६ इंची" म्हणून विकली जाणारी दोन टायरं एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत, कारण २६ × १ ३/८ या टायरची रिम ५९० मिलिमीटर व्यासाची असते आणि रेंजरच्या जाड २६ इंचीची ५५९ ची. खरा आकडा टायरवर दोन भागांत लिहिलेला सापडतो. ५०-५५९ म्हणजे टायर ५० मिमी रुंद आणि रिमवर टायर जिथे बसतं तो व्यास ५५९ मिमी. काळ्या सायकलीवर ४०-६३५ असतं, आणि आजच्या हायब्रिड किंवा रेसर सायकलींवर दुसरा आकडा ६२२. दुकानदाराला हा तीन आकडी अंक सांगायचा.

फ्रीव्हील आणि कॅसेट यांतला फरक

मागच्या चाकाच्या मधोमध जो गोल भाग असतो, ज्यात छर्रे आणि एक्सल, म्हणजे मधला दांडा, असतात आणि ज्याला तारा अडकवतात, तो हब. पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं आणि टिकटिक ऐकू येते, ते आतल्या छोट्या खटक्यांमुळे. मिस्त्री त्यांना कुत्रे म्हणतात. हे कुत्रे कुठे बसवलेत, यावरून मागच्या चाकाच्या दोन जाती पडतात.

जुन्या जातीत चकत्या आणि कुत्रे मिळून एक गठ्ठा असतो आणि तो हबवर आट्यांनी फिरवून बसवलेला असतो. हे फ्रीव्हील. नव्या जातीत कुत्रे हबच्याच अंगात असतात आणि चकत्यांचा गठ्ठा खाचांवरून नुसता सरकवून वरून एका कड्याने आवळतात. ही कॅसेट. शिमानो या जपानी कंपनीने अशी हब १९७८ मध्ये बाजारात आणली आणि हळूहळू बऱ्या सायकली तिच्याकडे वळल्या.

वळल्या त्या एक्सलमुळे. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजव्या बाजूचे छर्रे चकत्यांच्या आतल्या अंगाला असतात, आणि तिथून फ्रेमपर्यंत एक्सलचा तुकडा आधाराशिवाय बाहेर येतो. एकच चकती असेल तर हा तुकडा आखूड असल्याने काही बिघडत नाही. सात चकत्यांची जागा सोडली की तो लांबतो. मग कॅरिअरवर कडब्याची पेंढी किंवा दुधाच्या किटल्या, खाली खड्डा, आणि एक्सल वाकतो किंवा तुटतो. कॅसेटच्या हबमध्ये उजवे छर्रे पार चकत्यांच्या बाहेरच्या टोकाला नेलेत, त्यामुळे एक्सलला फ्रेमच्या अगदी जवळ आधार मिळतो.

मग फ्रीव्हील टाकाऊ समजायचं का? मला तसं वाटत नाही. हलक्या माणसाला, शहरातल्या वापराला सहा-सात चकत्यांचं फ्रीव्हील पुरतं. ज्याच्या मागच्या चाकाचा एक्सल एकदा तुटलाय, त्याने मात्र पुन्हा तसलाच एक्सल घालत बसू नये. चाक बदलायची खरी वेळ तीच.

मागचा चिमटा किती रुंद आहे?

फ्रेमचे मागचे दोन पाय, ज्यांच्यामध्ये चाक बसतं, त्यांना इथे चिमटा म्हणू. त्याच्या आतल्या दोन बाजूंमधलं अंतर मोजा. चाक काढून मोजलंत तर उत्तम. एका चकतीच्या जुन्या सायकलींत ते ११० ते ११४ मिमीच्या आसपास असतं. पाच चकत्यांच्या जुन्या सायकलींना १२० आणि सहा-सातच्या रेसर जातीला १२६. पुढच्या काळातल्या रेसरना १३०, आणि डोंगरी म्हणजे एमटीबी जातीला १३५.

आजची तयार कॅसेटची चाकं मुख्यतः १३० किंवा १३५ ची मिळतात. तुमची रेंजर १३५ ची असेल तर प्रश्नच नाही. १२६ च्या पोलादी फ्रेममध्ये १३० चं चाक बसवताना दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर हाताने फाकवलं की चाक आत जातं. १२० वरून १३० करायला चिमटा कायमचा वाकवावा लागतो. पोलादात ते जमतं, पण दोन्ही बाजू सारख्याच सरकल्या आणि शेवटच्या दोन पट्ट्या एकमेकींना समांतर राहिल्या तरच. नाही तर चाक तिरकं बसतं आणि सायकल खेकड्यासारखी चालते. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला हा प्रयोग अजिबात करू नका. अ‍ॅल्युमिनियम वाकवून घेत नाही, त्याला तडा जातो आणि तो बहुधा उतारावर कळतो.

आणि ११० च्या काळ्या सायकलीत १३५ चं चाक? "ठोकून बसवतो" म्हणणाऱ्या मिस्त्रीला नमस्कार करून सायकल घरी आणा.

काळ्या सायकलीचं काय करायचं?

सगळ्यात जास्त जीव या सायकलीवर असतो, आणि सगळ्यात जास्त पैसे वायाही हिच्यावरच जातात. म्हणून जरा सावकाश.

तिच्या मागच्या चाकाला ४० तारा असतात आणि पुढच्याला ३२. आजच्या बहुतेक गिअरच्या हबना भोकं ३६ किंवा ३२. म्हणजे जुन्या रिमवर नवी हब ओवायची म्हटली तर भोकंच जुळत नाहीत. भोकं जुळली तरी हबचा व्यास बदलला की तारांची लांबी बदलते, जुन्या तारा चालत नाहीत. ब्रेक सळईचे असतील तर त्यांचे रबर रिमच्या आतल्या अंगाला खालून टेकतात, बाजूने नाही. त्यांना विशिष्ट आकाराचीच रिम लागते. वर चेनकव्हर पूर्ण बंद असेल तर गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला जागा नाही, आणि फ्रेमला ती अडकवायला कानही नाही. क्रँक, म्हणजे पायंडलाचा दांडा, कॉटर पिन नावाच्या खिळीवर बसवलेली, त्यामुळे पुढची चकती बदलणंही सोपं नाही. यांतलं एकेक बदलत गेलं तर शेवटी जुनी म्हणून फक्त फ्रेम आणि घंटी उरते.

म्हणून मी दोनच गोष्टी सुचवेन. पहिली अगदी स्वस्त. मागचं १८ दात्यांचं फ्रीव्हील काढून २० किंवा २२ दात्यांचं बसवा. आटे तेच, हब तीच, चाक तेच. चेन एखाद्या कडीने लांबवावी लागते किंवा चाक थोडं पुढे सरकवलं की भागतं. ४४ ला २२ म्हणजे गुणोत्तर २, आणि मघाच्या चढावर ३० किलोचा जोर २५ वर येतो. सपाटीला वेग थोडा उतरेल. साताऱ्यात सपाटी आहेच कुठे फार! पोवई नाका ते राजवाडा या चढाला हा फरक पायाला लगेच जाणवतो. यवतेश्वर मात्र यावरही चढवणार नाही.

दुसरी वाट हौशी माणसाची. हबच्या पोटातच तीन गिअर असलेली हब मिळते. स्टर्मी-आर्चर या मूळच्या इंग्लिश कंपनीचं नाव त्यासाठी शंभर वर्षांहून जुनं आहे आणि शिमानोच्याही अशा हब आहेत. बाहेर एकच चकती आणि एकच चेन, त्यामुळे चेनकव्हर तसंच राहतं, आणि या हब अरुंद चिमट्यासाठीच बनवलेल्या असतात. तीन गिअरच्या प्रसिद्ध स्टर्मी-आर्चर हबमध्ये हलका गिअर मधल्या सरळ गिअरच्या ७५ टक्के, भारी गिअर १३३ टक्के. मागे २२ दात्यांची चकती आणि ही हब, असं जोडलं तर हलक्या गिअरमध्ये एका फेरीला ३.३ मीटर अंतर येतं. म्हातारी सायकल, म्हातारं तंत्र, आणि दोघांचं छान जमतं. अडचण एवढीच, की ही हब कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, मागवावी लागते. आणि घेताना तारांची भोकं मोजून घ्यावी लागतात.

रेंजर आणि तिच्या बहिणी

इथे काम सरळ आहे. मागे सात चकत्यांचं १४-२८ फ्रीव्हील असेल तर त्या जागी १४-३४ चं बसवा. सहा चकत्या नेहमीच्या अंतराने आणि सातवी एकदम २४ वरून ३४ वर उडी मारणारी, अशी त्याची रचना असते. ती शेवटची चकती घाटासाठीच. पुढे २८ आणि मागे ३४ लावलं की एका फेरीला १.७ मीटर अंतर जातं, आणि एवढ्या हलक्या गिअरमध्ये सायकल चालण्यापेक्षा थोडीच पुढे असते. हँडलवरचे गिअर बदलायचे खटके तेच चालतात. फक्त मागचं डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा लोंबता हात, ३४ दाते पेलणारं हवं. ते त्याच्या माहितीत लिहिलेलं असतं.

चाकच बदलायचं झालं तर १३५ ची कॅसेटची हब, दुहेरी भिंतीची अ‍ॅलॉय रिम आणि ३६ तारा. या हबवर आठ चकत्यांची ११-३४ कॅसेट घेतली तर खटके आठचे घ्यावे लागतात. सातचे खटके आठवर नीट चालत नाहीत, कारण सातच्या चकत्या ५ मिमी अंतराने बसवलेल्या असतात आणि आठच्या ४.८ ने. खटके बदलायचे नसतील तर सातचीच कॅसेट घ्या आणि तिच्यामागे ४.५ मिमीचं एक कडं घाला, ती त्याच हबवर घट्ट बसते. दुकानदार हे कडं विसरला तर चकत्या हबवर खुळखुळतात.

चाक तोडायला देण्याआधी एक लक्षात ठेवा. जुनं फ्रीव्हील तारा कापण्याआधी काढायचं. पायंडल मारून मारून ते वर्षानुवर्षं आवळलं गेलेलं असतं, आणि ते सुटायला अख्ख्या चाकाची पकड लागते. तारा आधी कापल्या तर हातात फ्रीव्हीलसकट नुसती हब राहते, आणि ती धरायची कुठे, हा प्रश्न मिस्त्रीलाही सुटत नाही.

चढायला गिअर हवेत, मग रिम कशाला?

जो चढतो तो उतरतोही. आणि साताऱ्यात वर्षाचे चार महिने उतार ओला असतो.

जुन्या चाकांवर चकचकीत पोलादी रिम असते. कोरडी असताना तिच्यावर ब्रेक ठीक लागतो. पावसात रबर आणि पोलाद यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर बसतो आणि ब्रेक दाबूनही सायकल कितीतरी पुढे जाते. यवतेश्वरहून भर पावसात पोलादी रिमवर उतरताना ब्रेकचं पान हँडलला टेकतं आणि वेग काही उतरत नाही, हे ज्याने अनुभवलंय त्याला पटवावं लागत नाही. अ‍ॅलॉय रिमवर ओल्या रस्त्यातही रबर बरंच जास्त पकडतं. "अ‍ॅलॉय लवकर वाकते" अशी तक्रार असते. एकेरी भिंतीची स्वस्त रिम वाकते हे खरं आहे. दुहेरी भिंतीची, नीट ताणलेल्या ३६ तारांवरची रिम जुन्या पोलादीपेक्षा कमकुवत नसते, आणि हलकी असते हा वरचा फायदा. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील, तर मी गिअरआधी रिम आणि ब्रेकचे रबर बदलेन. वर पोचता आलं नाही तर माणूस चालत जातो. खाली थांबता आलं नाही तर काय, ते लिहायला नको.

रिमचा व्यास बदलत असाल तर ब्रेकची पोच आधी मोजा. २७ इंची, म्हणजे ६३० च्या जागी ६२२ ची रिम घातली तर रिमची कड ४ मिमी खाली जाते. ब्रेकचे रबर तेवढे खाली सरकतात का, हे बघूनच पैसे द्या. सळईच्या ब्रेकच्या काळ्या सायकलीत हा सगळा मार्ग बंद आहे, तिथे ब्रेकची यंत्रणाच बदलावी लागते.

"चेन तीच चालेल ना?"

बहुतेक वेळा नाही. चेन वापराने लांबते, म्हणजे तिच्या प्रत्येक सांध्यातली पिन झिजते आणि दोन पिनांमधलं अंतर वाढतं. त्याबरोबर जुन्या चकतीचे दातेही झिजतात, त्यामुळे दोघांचं एकमेकांशी जमलेलं असतं. नव्या चकतीवर ही लांबलेली चेन घातली की जोर लावताच दात्यावरून उडी मारते, आणि ती उडी नेमकी चढावर, उभं राहून पायंडल मारताना बसते.

तपासायला शाळेची एक फूट पट्टी पुरते. पट्टीचा शून्य एका पिनच्या मध्यावर धरा. नव्या चेनमध्ये १२ इंचावर बरोबर एक पिन येते. ती पिन १/१६ इंच पुढे सरकली असेल तर चेन बदला. १/८ इंच सरकली असेल तर मागच्या चकत्याही गेल्या असं समजा. काळ्या सायकलीची चेन रुंद असते, सात-आठ चकत्यांची त्याहून अरुंद, आणि नऊ-दहाची आणखी अरुंद. सात आणि आठ यांना मात्र एकच चेन चालते.

"एवढ्या पैशात नवी येईल"

काही वेळा खरंच येते. हिशेब कागदावर मांडा. चाक, कॅसेट, चेन, खटके, डिरेलर, केबल, ब्रेक आणि मजुरी. बेरीज साध्या नव्या गिअरच्या सायकलीच्या निम्म्यावर गेली, तर थांबून विचार करा. पण स्वस्त नव्या सायकलीवरही मागे फ्रीव्हीलच असतं, हे दुकानात बघून या. जुनी पोलादी फ्रेम सरळ असेल, तुमच्या उंचीची असेल आणि जोडांवर गंज खोल गेला नसेल, तर ती सांभाळण्यासारखी वस्तू आहे. फ्रेम आडव्या नळीखाली किंवा पायंडलाच्या जोडाशी चिरलेली असेल तर तिच्यावर एक रुपया घालू नका, कितीही आठवणी असल्या तरी.

बसवून झाल्यावर

नव्या तारा पहिल्या काही आठवड्यांत बसतात आणि चाक थोडं आऊट होतं, म्हणजे फिरताना डुलतं. महिनाभराने एकदा आऊट काढून घ्या आणि तारांचा ताण बघायला सांगा. उजवीकडे चकत्यांसाठी जागा सोडावी लागल्याने त्या बाजूच्या तारा डावीपेक्षा जास्त ताणलेल्या असतात. दोन्हीकडून वेगळा टणत्कार आला म्हणून दुकानदाराशी भांडू नका. केबलही ताणते, खटके चुकायला लागतात, आणि डिरेलरच्या टोकाचा छोटा गोल स्क्रू अर्धा वळसा फिरवला की जागेवर येतात.

आणि घाटाला निघण्याआधी, दुकानातच, सायकल स्टँडवर उचलून सगळ्यात मोठ्या चकतीवर चेन चढवा आणि डिरेलर हाताने चाकाकडे ढकलून बघा. ते तारांना टेकता कामा नये. टेकत असेल तर डिरेलरवरच्या दोन बारीक स्क्रूंपैकी आतली हद्द ठरवणारा स्क्रू आवळून घ्या. तो सैल राहिला तर चेन आणि डिरेलर तारांत जातात ते सगळ्यात हलक्या गिअरमध्ये, म्हणजे घाटातल्या पहिल्याच तीव्र वळणावर.